डेकवरची काळी रेघ

दिवाळी तोंडावर आली की आपल्याकडची मुले अंगणात किल्ला करायला घेतात. चार दगड, दोन घमेली माती आणि फाटके गोणपाट एवढ्या भांडवलावर त्यांचा रायगड उभा राहतो. त्या मातीत मोहरी नाही तर अळीव पेरतात, आणि तीनचार दिवसांत जे हिरवे कोंब वर येतात त्यांना मुले 'जंगल' म्हणतात. कोणी शहाणा म्हणेल की किल्ल्यावर खऱ्या झाडाच्या खऱ्या फांद्या का रोवत नाही? मुलांनी तोही प्रयोग केलेला असतो. आंब्याची एक डहाळी रोवली की रायगड एकदम वारुळाएवढा दिसू लागतो. मोठी वस्तू लहान करायची तर तिच्यातले काय ठेवायचे, काय सोडायचे आणि कशाच्या जागी काय घ्यायचे, हे ठरवणे भाग पडते. हे ठरवण्यातच सगळी अक्कल खर्ची पडते.

समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या राष्ट्रांनी हाच खेळ जहाजांच्या बाबतीत मोठ्या गांभीर्याने खेळला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडात लढाऊ जहाजांच्या लाकडी प्रतिकृती होऊ लागल्या. 'नेव्ही बोर्ड' प्रतिकृती या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांचे प्रमाण बहुधा एका फुटाला पाव इंच, म्हणजे मूळ जहाजाच्या अठ्ठेचाळिसावा हिस्सा असे. रोजनिशीकार म्हणून प्रसिद्ध असलेला सॅम्युएल पीप्स हा आरमाराच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर होता; त्यालाही अशा प्रतिकृती जमवण्याचा शौक होता. या प्रतिकृतींचा एक विशेष असा की त्यांच्या बुडाला फळ्या मारलेल्या नसत. बरगड्या उघड्या दिसत. डेकही पुष्कळदा अर्धामुर्धाच फळ्यांनी झाकलेला असे, म्हणजे खालच्या तुळया, जिने आणि खोल्या पाहणाऱ्याला दिसाव्यात.

डेक पुरा झाकायचा ठरवला की मात्र प्रतिकृती करणाऱ्याची खरी कसोटी लागते. जहाजाचे बूड काचेच्या कपाटात सावलीत राहते, शिडे आणि दोर यांच्या जंजाळात एखादी चूक खपून जाते. पण डेक म्हणजे घरातली ओसरी. येणाऱ्याची पहिली नजर तिच्यावरच पडायची. त्या डेकवर फळी आणि फळी यांच्यामधून नाळेपासून पिछाडीपर्यंत एक बारीक काळी रेघ धावत असते. पाहणाऱ्याला ती शोभेची वाटते. या रेघेचा माग काढत गेले तर आपण कोठकोठे जाऊन पोचतो, तेच आज सांगायचे आहे.

उदाहरणाला एक जहाज घेऊ, आणि तेही आपल्या मुंबईचे. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी मुंबईच्या गोदीत पिढ्यान् पिढ्या जहाजे बांधली. त्याच घराण्यातले जमशेटजी बमनजी यांनी १८१६ साली 'त्रिंकोमाली' नावाच्या फ्रिगेटचा कणा बसवला. पारशी रिवाजाप्रमाणे त्या कण्यात रुप्याचा खिळा ठोकण्यात आला. जहाजाचे सगळे अंग मलबारी सागाचे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात लोटले गेले. तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. एकीकडे गोदीत इंग्रजांच्या आरमारासाठी सागाचे जहाज पुरे होत होते, आणि दुसरीकडे पेशवाईचे शेवटचे दिवस भरत आले होते.

या जहाजाच्या नकाशांची कथा तर एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर वाचकांनी तिला ओढूनताणून आणलेला योगायोग म्हटले असते. लंडनहून नकाशे निघाले ते 'जावा' नावाच्या जहाजातून. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या फ्रिगेटने 'जावा'ला गाठून जर्जर केले आणि मग जाळून टाकले. नकाशे गेले, ते पुन्हा तयार करून पाठवावे लागले. त्याच 'जावा'वर मुंबईच्या फौजेचे सरसेनापतिपद घेण्यासाठी निघालेला एक सेनानी होता. तो अमेरिकनांच्या हाती कैद झाला, पण पुढे सुटला. त्याचे नाव टॉमस हिस्लॉप. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांचा पराभव करणारा हिस्लॉप तो हाच.

आता असे समजू की एखाद्या हौशी माणसाने या 'त्रिंकोमाली'ची प्रतिकृती करायला घेतली आहे. जहाजाची तोफांच्या मजल्यावरील लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी ४० फूट. अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाने धरली तर लांबी सवातीन फुटांच्या आत आणि रुंदी दहा इंच होते. म्हणजे पाटावर मावणारे जहाज झाले. सांगाडा उभा राहिला, तुळया बसल्या. आता डेकची पाळी.

खऱ्या डेकच्या तुळया सरळ नसतात. त्यांना मध्ये किंचित उंचवटा दिलेला असतो, म्हणजे लाटेचे आणि पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना वाहून कडेच्या भोकांवाटे समुद्रात जावे. या तुळयांवर फळ्या उभ्या, म्हणजे नाळेकडून पिछाडीकडे अशा बसवतात. एवढ्या लांबीची एकसंध फळी कोणत्याच झाडातून निघत नाही. तेव्हा फळीला फळी जोडावी लागते, आणि जोड नेहमी तुळईच्या डोक्यावर यावा लागतो, कारण तेथेच खिळ्याला आधार मिळतो. पण शेजारच्या फळीचा जोड त्याच तुळईवर आला तर तेथे डेक कमकुवत होतो. यासाठी इंग्रजी गोद्यांत नियम असा होता की एका तुळईवरच्या दोन जोडांच्या मध्ये निदान तीन अखंड फळ्या गेल्या पाहिजेत. आपला गवंडी विटांची सांधमोड करतो ना, तोच हा प्रकार. प्रतिकृतीवर या जोडांची नक्षी पायऱ्यापायऱ्यांनी सरकत जाताना दिसते. चोवीस फुटांची फळी येथे सहा इंचांची होते. दहा इंच रुंदीची फळी जेमतेम पाच मिलिमीटरची. दिवसभरात तीनचार ओळी झाल्या तरी पुष्कळ.

आणि मग ती रेघ. खऱ्या डेकवर दोन फळ्यांच्या मध्ये सुमारे पाव इंचाची फट असते. ती मुद्दाम ठेवलेली असते. लाकूड पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि वादळात सगळे जहाजच पिळवटते; फळीला फळी घट्ट भिडवली तर काहीतरी फुटणार. पण फट उघडी ठेवली तर वरचे पाणी थेट खाली झोळ्यांत झोपलेल्या खलाशांच्या अंगावर. म्हणून त्या फटीत जुन्या दोरखंडाचे पिंजलेले तंतू छिन्नीने आणि मोगरीने ठासून भरतात, वरून कढत डांबर ओततात, आणि निवल्यावर वर आलेले खरवडून काढतात. या कारागिराला पोर्तुगीज भाषेत 'कालाफाते' म्हणतात. हिंदुस्थानी खलाशांच्या बोलीत त्याचेच 'कालापट्टी' झाले. शब्द परका खरा, पण डांबराचा काळा पट्टा पाहिलेल्या माणसाला तो आपल्याच भाषेतला वाटावा इतका चपखल बसला.

प्रतिकृतीत ही पाव इंचाची फट दीड दशांश मिलिमीटरसुद्धा भरत नाही. जाडसर कागदाच्या एका पानाएवढीच. म्हणून करणारे लोक प्रत्येक फळीच्या एका कडेला काळा कागद चिकटवतात, किंवा कडेवर शिसपेन्सिल फिरवतात. नवशिका काळा दोरा वापरतो आणि फसतो. दोऱ्याने डेक पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीसारखा दिसू लागतो. शिसपेन्सिल एक क्षणात फिरते. तिच्या मागचे खरे काम मात्र क्षणात होणारे नव्हते.

दोरखंडाचे ते तंतू येत कोठून? जुना, कुजत आलेला, डांबराने कडक झालेला जहाजी दोर हातभर लांबीच्या तुकड्यांत कापायचा. प्रत्येक तुकड्याचे पीळ उलगडायचे. आणि मग नखांनी त्याचा धागा न् धागा सुटा करायचा. या कामाला इंग्लंडात मजूर पुरवले ते तुरुंगांनी आणि अनाथ-निर्धनांच्या कामघरांनी. रोजचे वजन ठरलेले असे. ते भरेपर्यंत सुटका नाही. बोटे सोलून निघत, नखांतून रक्त येई. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या नऊ वर्षांच्या पोराला कामघरात घातल्यावर पहिले काम नेमून दिले जाते ते हेच. १८९५ साली तुरुंगात गेलेल्या ऑस्कर वाइल्डसारख्या शब्दप्रभूच्या हातीही जुना दोरच आला.

मराठी वाचकाला हे वाचून काय आठवेल ते सांगायला नको. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये आपल्या राजबंद्यांना नारळाचा छिलका कुटून काथ्या काढावा लागे, आणि त्याचेही वजन रोज मोजून घेतले जाई. दोर उलगडणारा लंडनचा कैदी आणि दोरासाठी काथ्या काढणारा अंदमानचा कैदी यांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नव्हते. पण तराजू हातात धरणारा अंमलदार एकाच जातीचा होता.

कैद्यांचा आणि या विषयाचा संबंध येथेच संपत नाही. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत हजारो फ्रेंच सैनिक आणि खलाशी इंग्रजांच्या हाती सापडले. त्यांना ठेवण्यासाठी पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे लाकडी बराकींची मोठी छावणी उभारण्यात आली. १७९७ ते १८१४ अशी ती चालली. या कैद्यांत सुतार होते, हस्तिदंताचे काम करणारे होते, घड्याळजी होते. शिध्यात मिळणाऱ्या मांसाची हाडे उकळून, घासून, त्यांच्या पातळ पट्ट्या काढून त्यांनी जहाजांच्या प्रतिकृती केल्या. दोरांसाठी केससुद्धा वापरले. छावणीच्या दाराशी बाजार भरे. गावचे लोक या वस्तू विकत घेत, आणि त्या पैशात कैद्याला भाजी, तंबाखू मिळे. हाताशी नकाशा नव्हता. जहाज आठवणीतून बांधायचे. त्यामुळे या प्रतिकृतींत तोफांची संख्या चुकते, नाळेचा आकार सुंदरपणाकडे झुकतो. पण डेक पाहावा! ज्याने वर्षानुवर्षे गुडघे टेकून तो घासला, त्याला त्याच्या फळ्या कशा विसरता येतील? त्या छावणीत मरण पावलेल्या सुमारे १७७० कैद्यांच्या स्मरणार्थ १९१४ साली तेथे स्तंभ उभारण्यात आला. त्यांच्या हातची कितीतरी कामे आज पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत.

समुद्रापलीकडेही असेच घडले. 'जावा'ला जाळणाऱ्या त्या 'कॉन्स्टिट्यूशन'ची एक जुनी प्रतिकृती अमेरिकेत सेलम येथे आहे. जहाजाचा कप्तान आयझॅक हल याने ती १८१३ साली तेथील ईस्ट इंडिया मरीन सोसायटीला दिली. आपल्या मुंबई-कलकत्त्याशी व्यापार करणाऱ्या नाखव्यांचीच ती संस्था. प्रतिकृती मोडली, तेव्हा ती दुरुस्त केली ब्रिटिश युद्धकैद्यांनी. ज्या जहाजाने आपल्या देशाची जहाजे बुडवली, त्याच्या चिमुकल्या दोरांना गाठी मारताना त्यांच्या मनात काय आले असेल, हा इतिहासकाराचा प्रांत नव्हे. तो कथाकाराला सोडून देऊ.

आता रंगाचा प्रश्न. फळ्या बसल्या, पटाशीने आणि काचकागदाने पृष्ठ सारखे झाले. डेकला रंग कोणता द्यावा? दुकानातल्या डबीवर 'साग' असे लिहिलेले असते, आणि हात आपोआप तिकडेच जातो. तो मधासारखा तांबूस रंग चढवून वर चकचकीत रोगण दिले की डेक अगदी दिवाणखान्यातल्या टेबलासारखा शोभतो. सगळा घोटाळा आहे तो येथेच. समुद्रावरचा डेक असा कधीच नसतो. नवा साग सोनेरी असतो हे खरे. पण ऊन, खारे पाणी आणि वारा यांनी तो थोड्याच काळात राखी पडतो. शिवाय आरमारी जहाजांवर डेक रोज सकाळी वाळू आणि दगड यांनी घासला जाई. खलाशी ओणवे होऊन ओळीने बसत. हातातल्या मोठ्या दगडांना ते 'बायबल' म्हणत आणि कोपऱ्यांत घालायच्या लहान दगडांना 'प्रार्थनापुस्तक'. गुडघे टेकून करायचे काम, म्हणून ही नावे. या घासण्याने डेक पांढुरका, हाडासारखा दिसे, आणि काळी रेघ त्यावर उठून दिसे. घासता घासता फळ्याच झिजत. इतक्या की अमेरिकेच्या नौखात्याला १९३१ साली आदेश काढून या प्रकाराला आळा घालावा लागला.

तेव्हा जाणता माणूस रंग अगदी पातळ करतो; उरलेल्या चहाच्या पाण्याइतका. आधी टाकाऊ फळीवर लावून पाहतो. फळीवर सरसाचा एखादा थेंब सांडून वाळला असेल तर तेथे रंग मुरत नाही आणि कोडासारखा पांढरा डाग राहतो. म्हणून आधी तो खरवडून काढतो. शिसपेन्सिलीची पूड ओल्या रंगाने पसरते, म्हणून हात हलका ठेवतो. सगळ्या फळ्या एकाच छटेच्या करत नाही, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. त्यांच्यातला फरक मात्र इतकाच ठेवतो की तो शोधल्याशिवाय दिसू नये.

आणि यातली सर्वांत मोठी गंमत अशी की 'त्रिंकोमाली' सागाची म्हणून जो प्रतिकृतीचा डेकही सागाचा करतो, तो हमखास फसतो. सागाचे रेषे ठळक, त्याची छिद्रे मोठी. खऱ्या दहा इंची फळीवर ती शोभतात. पाच मिलिमीटरच्या फळीवर प्रत्येक रेषा पन्हळासारखी दिसते. किल्ल्यावर रोवलेली आंब्याची डहाळी ती हीच. सागाचे खरे रूप दाखवायचे तर दुसरे बारीक कणीचे लाकूड घ्यावे लागते. पाश्चात्त्य लोक लाइम, पेअर, मेपल, बॉक्सवुड वापरतात. आपल्याकडे हळदूचे लाकूड चालेल. त्याला सागाची नुसती झाक द्यायची.

ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी हा धडा गिरवण्यासारखा आहे. बखरीतले खरे शब्द, खरी पत्रे, खरी नावे जशीच्या तशी उचलून पानापानांवर रोवली म्हणजे जुना काळ उभा राहत नाही. उलट, वाचकाला आवडतो म्हणून प्रत्येक प्रसंगाला मधाळ रंग आणि वर रोगण दिले, तर ज्या माणसांनी ते दिवस गुडघे टेकून काढले त्यांच्यावर अन्याय होतो. विद्यार्थ्यांना खडकीची लढाई शिकवताना तारीख सांगावीच. पण त्याच महिन्यात मुंबईच्या गोदीत मोगरी चालत होती आणि ती चालवणारे हात आपल्याच लोकांचे होते, हेही सांगितले तर त्या तारखेला थोडे वजन येईल.

डेक हा जहाजाचा सर्वांत अल्पायुषी भाग. नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे जहाज पोर्ट्समथला आजही आहे. १८०५ साली तो जेथे कोसळला तेथे पितळी पाटी आहे. पण डेकच्या फळ्या त्यानंतर अनेकदा बदलल्या गेल्या आहेत. आपल्या 'त्रिंकोमाली'चे नशीब मोठे विलक्षण. १८९७ साली ती मोडीत निघायची, ती एका हौशी गृहस्थाने विकत घेतली आणि 'फूद्रॉयाँ' हे नाव देऊन तिच्यावर मुलांना नौकानयन शिकवले. १९८६ पर्यंत हे चालले. पुढच्याच वर्षी तिला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे नेण्यात आले. जुने नाव परत मिळाले, आणि २००१ साली तिची डागडुजी पुरी झाली. अजूनही तरंगत असलेले सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणून लोक ते पाहायला जातात. मलबारचा साग दोनशे वर्षे पाण्यात टिकला.

जमशेटजींचे नाव या जहाजाबरोबर टिकले, आणि टिकायलाच हवे होते. पण फटीत दोर ठासणाऱ्यांची, डांबर कढवणाऱ्यांची, कोठल्या तरी अंधाऱ्या खोलीत दोराचे पीळ उलगडणाऱ्यांची नावे फळ्यांवर कोरली जात नसतात. त्यांची खूण म्हणून उरते ती दोन फळ्यांमधली काळी रेघ. या सुटीत एखाद्या घरात मुलांनी आणि वडिलांनी मिळून लाकडी जहाज करायला घेतले, तर एवढेच सुचवावेसे वाटते की शिडांची घाई करू नये. काळा कागद पातळ घ्यावा, प्रत्येक फळीच्या एकाच कडेला लावावा, जोड मोजून सरकवावेत, आणि रंग चहाच्या पाण्याइतकाच ठेवावा. मुलाने विचारलेच की ही रेघ कशाची, तर गोष्ट सांगायला निदान एक संध्याकाळ हाताशी ठेवावी.